चेहरा नसलेली आई आणि आजोबांचा कंदील

मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांविषयी मराठीत कोणी लिहायला बसले की तिसऱ्या-चौथ्या वाक्यात त्यांची आई येते. १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात जन्मलेला मुलगा. तो दीड वर्षाचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. म्हणून हुसेन यांच्या चित्रांतल्या बायकांना चेहरा नसतो. मदर तेरेसांवरची १९८० नंतरची मालिका याला पुरावा म्हणून दाखवली जाते. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल आणि चेहऱ्याच्या जागी काळोख. ही मांडणी इतक्या वेळा छापून आली आहे की आता चित्र न पाहताही लिहिता येते.

ती खोटी नाही. हुसेन यांनी स्वतःच ती अनेकदा सांगितली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आईविना वाढलेली मुले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांतली काही चित्रेही काढतात. ती सगळी बिनचेहऱ्याची माणसे रंगवत नाहीत. उलट, ज्याला आईचा चेहरा आठवत नाही तो आयुष्यभर चेहरेच शोधत, चेहरेच काढत बसला असता तर आपण तेही याच कारणाने समजावून दिले असते. आयुष्यातले दुःख चित्राला विषय देते. चित्राची रीत कोठून आली हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या माणसाच्या घरात जावे लागते, त्या घराच्या भिंतीवर काय होते ते पाहावे लागते. आणि इथे आपल्याला, म्हणजे मराठी मुसलमान वाचकाला, एक सोय आहे. ते घर आपल्या ओळखीचे आहे.

आपल्या जुन्या घरांत भिंतीवर काय असते? मक्का-मदिनेची तसवीर, आयतुल कुर्सी, चार कुलांची फ्रेम, ‘या अल्लाह’ लिहिलेला काळ्या मखमलीवरचा सोनेरी कपडा. माणसाचा फोटो असला तर तो पेटीत, कपाटात, फार तर निकाहाच्या अल्बममध्ये. कितीतरी घरांत वारलेल्या दादा-दादीचा फोटो समोरच्या खोलीत लावू देत नाहीत. नमाजच्या खोलीत तर नाहीच. भिंतीवर अक्षर असते, चेहरा नसतो. हुसेन यांचे घराणे सुलेमानी बोहरा. त्या घराची भिंत आपल्या घरापेक्षा फार वेगळी असेल असे मला वाटत नाही. आईचा फोटो नसणे ही एका मुलाची व्यक्तिगत दुर्दैवाची गोष्ट आहे हे खरे. पण त्या काळच्या मुसलमान घरात बाईचा फोटो नसणे ही अगदी रोजची गोष्ट होती, हेही तितकेच खरे.

मग हुसेन यांची चित्रे पुन्हा पाहा. १९५६ चे ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ हे त्यांचे फार गाजलेले चित्र घ्या. बायका उभ्या आहेत. एकीच्या हातात दोऱ्याला लटकलेला कोळी आहे. दिवा आहे. आणि वर, चित्राच्या माथ्यावर, अक्षरांची ओळ आहे जी कोणालाच वाचता येत नाही. अरबी नाही, नागरी नाही, तरीही लिपीच आहे असे वाटत राहते. समीक्षकांनी त्या चित्रातल्या कोळ्याचा आणि दिव्याचा अर्थ लावण्यात पुष्कळ शाई खर्च केली. मला ती अक्षरे पाहून लहानपणी भिंतीवरच्या खताकडे एकटक पाहत बसायचो ते आठवते. वाचता यायच्या आधी अक्षर हे चित्रच असते. वर लिखाण, खाली घरातल्या बायका आणि दिवा. माझ्या समजुतीप्रमाणे हे आपल्या घरातल्या खोलीचे चित्र आहे. कोणी असे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून जबाबदारी माझी.

अक्षराचे हे वेड कुठून आले हे मात्र अंदाजाने सांगावे लागत नाही. बडोद्याच्या मदरशात, सुलेमानी जमातीच्या वसतिगृहात राहून, हुसेन खत्ताती शिकले. बोरूचा तिरपा काप, एका दमात ओढलेली रेघ, जाड होत होत बारीक होणारे वळण. पुढे त्यांच्या घोड्याची मान पाहा. ती रेघ चित्रशाळेत शिकलेल्या माणसाची नाही, कातिबाची आहे. कातिब रेघ खोडत नाही. हुसेनही खोडत नसत. म्हणून चांगल्या चित्रात ती रेघ अचूक बसते, आणि वाईट चित्रात, जी त्यांनी भरपूर काढली, ती नुसती सराईत वाटते.

आता दुसरी गोष्ट, कपड्याची. हुसेन यांच्या कितीतरी बायका कासोटा घातलेल्या आहेत. पंढरपूरकडची नऊवारी. आईची आठवण म्हणून जे थोडे त्यांच्याजवळ होते त्यात हे मराठी पद्धतीचे लुगडे होते, असे ते सांगत. उत्तरेकडच्या समीक्षकाला यात ‘मुस्लिम चित्रकाराने हिंदू वेष स्वीकारला’ असे काहीतरी मोठे दिसते. आपल्याला हसू येते. सोलापूर, सातारा, सांगलीकडच्या, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांतल्याही कितीतरी आज्या-नान्या आयुष्यभर लुगडेच नेसल्या. लुगड्यातच नमाज पढल्या, शेतात राबल्या. त्यांनी कोणाचा वेष घेतला नव्हता. तो त्यांचाच होता. भिंतीवर खत आणि अंगावर लुगडे, हे दोन्ही एकाच घरात होते. हुसेन यांनी दोन संस्कृतींचा मिलाफ केला वगैरे म्हणायची गरजच नाही. त्या घरात जोड दिसतच नव्हता, म्हणून चित्रातही दिसत नाही.

आईपेक्षा मला या चित्रांत आजोबा जास्त दिसतात. आई गेल्यावर वडील फिदा यांनी दुसरे लग्न केले, कुटुंब इंदूरला गेले, वडील कापडगिरणीत नोकरीला लागले. मुलगा वाढला तो आजोबांच्या, अब्दुल यांच्या आधाराने. आजोबा पत्र्याचे काम करणारे, कंदील-दिवे तयार करणारे, दुरुस्त करणारे. हुसेन यांच्या चित्रांत कंदील, छत्री आणि जोडा या तीन वस्तू आयुष्यभर येत राहिल्या. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. राजस्थानात चित्रित झालेल्या या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सोनेरी अस्वल मिळाले. त्यातही वाळूत, भिंतीजवळ, गुरांच्या शेजारी हाच कंदील, हीच छत्री आणि हाच जोडा. परीक्षकांना त्यात अतिवास्तववाद दिसला असेल. मला म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशेजारी ठेवलेल्या वस्तू दिसतात. दिवा, छत्री, वहाणा. रात्री उठायचे झाले, बाहेर जायचे झाले तर हाताशी असाव्यात अशा.

हुसेन यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे पटेल. त्यात ते स्वतःला ‘मकबूल’ म्हणतात, जणू दुसऱ्याच कोणा पोराची गोष्ट सांगावी तसे. आजोबा वारल्यावर मकबूल दिवसदिवस त्यांच्या खोलीत बसून राहतो, त्यांच्याच बिछान्यावर त्यांची तपकिरी अचकन पांघरून झोपतो. घरात कोणाशी बोलत नाही. शेवटी वडील ठरवतात, याला बडोद्याला वसतिगृहात टाकू या. म्हणजे ज्या शाळेने त्यांना चित्रकार केले ती शाळा आजोबांच्या मृत्यूनंतरचा उपाय म्हणून आयुष्यात आली. आई गेली तेव्हा मूल दीड वर्षाचे होते. आजोबा गेले तेव्हा त्याला सगळे कळत होते.

बडोद्याच्या त्या शाळेचे वर्णन मी दरवर्षी वर्गात सांगते. एनसीईआरटीने अकरावीच्या हिंदी पुस्तकात या आत्मकथनातले दोन तुकडे घेतले होते. पण मी सातवी-आठवीलाच सांगते, कारण अकरावीपर्यंत आमच्या मुलांची चित्रकला संपलेली असते. ड्रॉइंग मास्तर मुहम्मद अतहर फळ्यावर खडूने एक मोठा पक्षी काढतात आणि मुलांना म्हणतात, पाटीवर उतरवा. मकबूलच्या पाटीवर तो पक्षी हुबेहूब येतो. दहापैकी दहा गुण. मग २ ऑक्टोबर येतो. वसतिगृहावर गांधीवादी अब्बास तैयबजींची देखरेख. वर्ग भरायच्या आधी मकबूल फळ्यावर गांधीजींचा चेहरा काढून ठेवतो आणि तैयबजी खूश होतात.

चेहरा! बिनचेहऱ्याच्या चित्रकाराचे पहिले गाजलेले काम चेहऱ्याचे आहे, आणि तेही एका मुसलमान वसतिगृहाच्या फळ्यावर, मौलवींच्या समोर. कोणी हरकत घेतल्याचे ते लिहीत नाहीत. घरातली भिंत आणि शाळेतला फळा यांचे कायदे वेगळे होते, असा याचा अर्थ मी घेते. खडूचे चित्र दुपारी पुसले जाते. आमच्याकडे आजही पालक येऊन विचारतात, बाई, ड्रॉइंगच्या तासाला जानदार काढायला लावता का? काही पालकांना मी समजावते, काहींना फुले-पाने-नक्षी काढू देते. या प्रश्नाची टिंगल करणाऱ्यांतली मी नाही. या प्रश्नासह वाढलेल्या मुलाच्या हातून काय निर्माण होऊ शकते याचे उत्तर म्हणून मी हुसेनकडे पाहते.

इंदूरला परतल्यावर वडिलांना वाटले पोराने धंदा शिकावा. काकांच्या दुकानावर बसवले. पोरगा गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची रेखाटने करायचा. एके दिवशी समोरून सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा गेला, बँडबाजासह. मूकपटांचा जमाना. चित्रपट ‘सिंहगड’, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा, १९२३ चा, ज्यात तरुण शांताराम होते. पतंगाच्या कागदावर छापलेला मराठा योद्धा, हातात तलवार आणि ढाल. मकबूलने शाळेची दोन पुस्तके विकली, तेलरंगाच्या नळ्या आणल्या आणि दुकानातच बसून आयुष्यातले पहिले तैलचित्र काढले. काका चिडले. वडिलांकडे तक्रार गेली. वडिलांनी चित्र पाहून मुलाला मिठी मारली.

हा प्रसंग मराठी कलासमीक्षेने जेवढा वाजवायला हवा होता तेवढा वाजवला नाही. तानाजीच्या पोस्टरवरून एक बोहरा मुलगा चित्रकार होतो, आणि ते पोस्टर कोल्हापूरच्या एका ‘पेंटर’च्या कंपनीचे असते. पुढे इंदूरच्या रस्त्यावर उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवणारे नारायण श्रीधर बेंद्रे भेटले. मकबूलने त्यांना घरी नेले, आणि बेंद्र्यांच्या शब्दाखातर वडिलांनी चित्रकलेला परवानगी दिली. गिरणीत नोकरी करणारा बाप, १९३० च्या आसपासचा काळ. आजही किती बाप देतील?

मुंबईत हुसेन आले आणि सिनेमाची होर्डिंगे रंगवू लागले. ग्रँट रोडच्या भागात पदपथावर झोपले. १९४१ साली फाजिलाबींशी लग्न झाले, मुले झाली, पोट भरण्यासाठी मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी तयार केली. बदरबागेतली खोली लहान आणि चित्र चाळीस फुटांचे. म्हणजे काम करायची जागा रस्ता. होर्डिंगवर काम करणारा माणूस परातीवर उभा राहून एका वेळी नाकाचा किंवा भुवईचा तुकडा रंगवतो. नटीचा पूर्ण चेहरा त्याला कधी दिसत नाही. तो खालून जाणाऱ्या गर्दीला दिसतो. मला वाटते हुसेन यांच्या चित्रांतली माणसे हावभावावर न चालता हातावर, पाठीच्या वळणावर, पाय टाकण्यावर चालतात त्याचे एक कारण इथे आहे. लांबून ओळखू येतील अशी. खेळण्यांचे करवतीने कापलेले सपाट आकारही त्यात मिसळले. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीत ‘सुनहरा संसार’ला बक्षीस मिळाले. त्याच वर्षी सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. १९४८ साली दिल्लीत मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे पाहिली आणि हात बदलला. हा भाग सर्वत्र लिहिला गेला आहे, मी पुढे जाते.

१९५५ चे ‘जमीन’. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. लांबलचक पट्टा, त्यात कप्पे, कप्प्यांत बैल, चाक, बाया, ढोल. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’शी त्याचे नाते सांगतात. सिनेमात शेतकरी जमीन गमावून शहरात येतो आणि आपण रडतो. हुसेन यांचे चित्र रडत नाही. ज्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता, जो पदपथावर झोपला, त्याने अख्खी जमीन रंगवली आणि तिच्यात दुःखाला एक कप्पासुद्धा दिला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचे ‘ग्रामयात्रा’ही असेच, जवळजवळ चौदा फूट, तेरा दृश्ये. बायका दळतात, पाणी आणतात, मूल जोजवतात. एका कप्प्यातला शेतकरी हात लांबवून शेजारच्या कप्प्यातल्या शेताला स्पर्श करतो. तो हुसेन यांनी स्वतःलाच काढला आहे असे काहीजण मानतात. हे चित्र नॉर्वेतल्या एका डॉक्टरने घेतले आणि कित्येक दशके ओस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली सर्वांत मोठी किंमत. वर्तमानपत्रांनी आकडा छापला. त्या चित्रात चूल आहे हे कोणी छापले नाही.

‘घर’ काढा म्हटले की माझ्या वर्गातली मुले काय काढतात ते इथे सांगायला हरकत नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, नदी, नारळाचे झाड, उतरत्या छपराची झोपडी. जुन्या नाशिकच्या गल्लीत वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत सात माणसे राहतात, आणि घर म्हणून कागदावर येते कोकणातले. घर म्हणजे हेच असते, असे चित्रकलेच्या पुस्तकाने त्यांना शिकवले आहे. एका मुलीने मात्र दार काढले, दाराबाहेर नऊ जोडे आणि पाण्याचा पिंप. माणूस एकही नाही. मी तिला विचारले, घरातले लोक कुठे आहेत? ती म्हणाली, जोडे बाहेर आहेत म्हणजे आतच असतील ना बाई. तिने हुसेनचे नाव ऐकलेले नव्हते.

हुसेन यांच्या शेजारी रझांना ठेवल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही, कारण रझांची गोष्ट बरोबर उलटी आहे. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले. वडील वनखात्यात, लहानपण जंगलात. तिथेही एक मास्तर आहेत. ककैयाच्या शाळेतल्या नंदलाल झारियांनी चंचल मुलाचे लक्ष स्थिर व्हावे म्हणून भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बस म्हणून सांगितले. पुढे रझांचा ‘बिंदू’ जगभर गेला तो त्या भिंतीवरून. बडोद्याच्या फळ्यावर पक्षी, ककैयाच्या भिंतीवर ठिपका. शिक्षकाच्या धंद्यातल्या माणसाला यात थोडा अभिमान वाटला तर चालवून घ्यावे.

रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे. जे. १९४७ ला आई गेली, १९४८ ला वडील. फाळणीनंतर बहुतेक भावंडे आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. ते राहिले, आणि १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. म्हणजे ज्याने देश सोडायला नकार दिला तो साठ वर्षे देशाबाहेर राहिला. तिथे त्यांनी आधी फ्रेंच गावे रंगवली, मग घरे विरघळून रंग उरला, मग मंडल्याची रात्र, नर्मदा, ठिपका. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रावर अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ नागरी लिपीत लिहिली आहे. इथेही आई आहे, लिखाण आहे, आणि चेहरा तर सोडाच, माणूसच नाही. रझांचे घर आत होते. ते ट्रंकेत घालून पॅरिसला नेता आले. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीला परत आले, २०१६ मध्ये वारले आणि मंडल्याला वडिलांच्या शेजारी दफन झाले.

हुसेन यांचे घर असे नेण्याजोगे नव्हते. ते कधी आत नव्हतेच. जाहिरातीचा टांगा, होर्डिंग, मुहर्रमचा दुलदुल, चहाचे हॉटेल, अनवाणी चालायचा रस्ता. कवी मुक्तिबोधांच्या निधनानंतर, १९६४ पासून, त्यांनी चपला सोडल्या असे सांगतात. चारचौघांत उभे राहून, लोक बघत असताना चित्र काढणे हा त्यांचा मुक्काम होता. म्हणून १९९६ साली ‘विचार मीमांसा’ या हिंदी मासिकाने त्यांची सत्तरच्या दशकातली रेखाटने काढून गदारोळ उठवला, खटले पडले, अहमदाबादेत चित्रे फोडली, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्याकडून एका पत्त्यापेक्षा पुष्कळ जास्त काढून घेतले गेले. २००६ मध्ये ते देशाबाहेर पडले. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी खटले रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तोवर कायद्याचा प्रश्न सुटला होता, रस्त्याचा नाही. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले.

यावर आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले, आणि बहुतेक एकाच सुरात. मला दुसऱ्या बाजूचीही आठवण द्यायची आहे. २००४ साली ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या ‘नूर-उन-अला’ या गाण्यावर काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट स्वतःच चित्रपटगृहांतून काढून घेतला. तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? १९९६ पर्यंत हुसेन आपल्या जलशांत, आपल्या विशेषांकांत कुठे होते? त्यांच्यावर दगड पडले तेव्हा ते ‘आपले’ झाले. तसवीर काढणारा म्हणून ज्याला घरात जागा नव्हती त्याला मोर्चाच्या फलकावर जागा मिळाली. ज्यांनी त्याला हिंदू प्रतिमांचा शत्रू म्हटले आणि ज्यांनी त्याला मुसलमानांचा शहीद केले, त्या दोघांनीही ‘जमीन’ पाहिलेले नव्हते.

हुसेन यांचे सगळेच थोर होते असेही नाही. ऐंशीनंतरचे अनेक घोडे एकाच साच्यातले आहेत. नट्यांची वेडे, समारंभात उभे राहून दहा मिनिटांत काढलेली चित्रे, हातभर लांब ब्रश घेऊन दिलेले फोटो, यात जाहिरातीचा टांगा उरला आणि कातिब हरवला. आईची गोष्टही पुढे पुढे त्या जाहिरातीचा भाग झाली. मुलाखतीत आई सांगितली की चित्राचा प्रश्न मिटतो, हे त्यांना कळले होते. ‘गजगामिनी’ मध्ये तर स्त्रीचे इतके गुणगान आहे की बाई शोधावी लागते.

पण शेवटची वर्षे पाहावीत. नव्वदी ओलांडलेला माणूस दोहा आणि लंडनमध्ये बसून भारताची चित्रे काढत होता. उषा मित्तल यांच्यासाठी केलेली तीन-तीन फलकांची ही मालिका लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१४ मध्ये मांडली गेली. त्यात एक चित्र भारतीय घरांचे आहे. हिंदू, मुसलमान आणि शीख अशी तीन कुटुंबे, तीन फलक शेजारी शेजारी. राजवाडे नाहीत, देवता नाहीत, रोजचा संसार. हुसेन यांच्या तरुणपणीच्या कोणत्याही चित्राइतके ते ताकदीचे नाही. रंग चकचकीत आहेत, रेघ थकली आहे. तरी मी त्याला त्यांच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या चित्रांत धरते, कारण पहिल्यांदाच या माणसाने घराला दार आणि छप्पर दिले. रस्ता होता तोवर त्याची गरज पडली नव्हती.

९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सरेतल्या ब्रुकवुड कब्रस्तानात ते दफन आहेत. पंढरपुरात आईची कबर, इंग्लंडात मुलाची.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्यात हुसेन यांचे संग्रहालय उघडले, त्यांच्याच एका रेखाटनावरून बांधलेले. नाव ‘लौह व कलम’. कलम म्हणजे लेखणी हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. लौह म्हणजे पाटी, लाकडाची फळी, जिच्यावर मदरशातले पोर अलिफ-बे गिरवते. चित्रकाराच्या संग्रहालयाच्या नावात ना रंग आहे ना कुंचला. माझे जाणे कधी होईल न होईल. पण कोणी उमरा करून येताना दोह्यात थांबला तर त्याने जरूर जावे, आणि तिथे त्यांची कासोट्याची बाई दिसलीच तर चेहऱ्याकडे नंतर पाहावे, आधी तिच्या हातात दिवा आहे का ते पाहावे.